वर न पोचलेली खबर

टेमघर हे नाव मुंबई महानगरातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल, पण तिथले पाणी लाखो लोक पितात. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी भिवंडीच्या टेमघर केंद्रात शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांकडे व जिल्ह्यातल्या गावांकडे जाते. या पाण्याचा हिशेब रोज लागतो. ते पिणाऱ्या माणसांचा शेवटचा पक्का आकडा मात्र 2011 च्या जनगणनेचा आहे: भिवंडी महापालिकेच्या हद्दीत सुमारे 7 लाख 9 हजार. पुढची मोजणी 2027 मध्ये व्हायची आहे. होळीला बरेचसे रिकामे होणारे आणि नंतर पुन्हा भरणारे यंत्रमागांचे गाव एका वेळच्या मोजणीत कितीसे सापडणार, हा प्रश्न तरीही उरतोच.

टेमघरवरून कल्याण रस्त्याने निघाले की रांजनोली नाका लागतो. तिथे मुंबई-नाशिक महामार्ग आडवा जातो. करोनाच्या टाळेबंदीत, मे 2020 मध्ये, याच महामार्गावरून माणसे पडघा, शहापूर, कसारा घाट करीत मध्य प्रदेशच्या हद्दीकडे चालत गेली. त्यांच्याबद्दल आपण बरेच हळहळलो आणि थोडेफार लिहिलेही. मला मात्र त्यांच्याइतकाच विचार करावासा वाटतो तो नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराचा, रास्त भाव दुकानदाराचा, आशाताईंचा, तलाठ्याचा. लोंढा निघणार हे त्यांना आधी कळले होते. त्यांना कोणी विचारले का?

भिवंडीचा यंत्रमाग दोन पाळ्यांत, बारा-बारा तास चालतो. कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला, बहुधा एकटा. खोलीही दोन पाळ्यांची: रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाल्याची पथारी पडते. जेवण भिशीत, म्हणजे महिन्याचे पैसे ठरवून दिलेल्या खाणावळीत. मजुरी कापडाच्या मीटरवर, पंधरवड्याने. 24 मार्च 2020 च्या रात्री ‘घरातच राहा’ असा आदेश झाला तेव्हा माग थांबले आणि दोन्ही पाळ्यांची माणसे एकाच वेळी त्या खोलीत आली. मजुरी थांबली, भिश्या बंद पडल्या. शिधापत्रिका गावाकडे. कित्येक जण होळी करून नुकतेच परतले होते, म्हणजे खिसा आधीच रिकामा. यात गुप्त असे काहीच नव्हते. मागाच्या मुकादमाला, भिशी चालवणाऱ्याला, चाळीत फिरणाऱ्या आशाताईला हे सगळे माहीत होते. फक्त आदेश काढणाऱ्याच्या टेबलावर यातले काही नव्हते.

ही खबर तेव्हा गोळा झाली ती सरकारबाहेर. ‘स्ट्रँडेड वर्कर्स अ‍ॅक्शन नेटवर्क’च्या स्वयंसेवकांनी अडकलेल्या मजुरांना फोन केले आणि 11,159 जणांच्या माहितीवरून एप्रिलच्या मध्याला पहिला अहवाल काढला. त्यांतल्या 96 टक्क्यांना सरकारी धान्य मिळाले नव्हते, 89 टक्क्यांना मालकाकडून मजुरी मिळाली नव्हती आणि निम्म्यांकडे एक दिवसापेक्षाही कमी शिधा होता. एवढे कळायला उपग्रह लागला नाही. फोन लागला, आणि पलीकडच्याचे म्हणणे लिहून घेणारा माणूस लागला.

पुढे 1 मे रोजी श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या. पहिल्या काही दिवसांतच भिवंडी रोड स्थानकातून एक गाडी गोरखपूरला गेली. गाडीत बसायचे तर पोलीस ठाण्यात अर्ज आणि सोबत डॉक्टरचा दाखला. दवाखान्यांसमोर रांगा लागल्या, दाखल्याला पैसे पडू लागले, मग ती अट काढावी लागली. ज्या राज्यात गाडी जायची त्याची संमती हीदेखील एक अट होती. ती केंद्राने 19 मे रोजी काढली, म्हणजे गाड्या सुरू झाल्यावर 18 दिवसांनी. अर्जांचे गठ्ठे सांभाळणाऱ्या शिपायाला ही अडचण पहिल्या आठवड्यातच दिसली असणार. ऑगस्टअखेरपर्यंत 4,621 गाड्यांतून 63 लाखांवर माणसे गेली. काम प्रचंड झाले, हे मान्यच. पण सप्टेंबरमध्ये लोकसभेत स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंबद्दल प्रश्न आला, तेव्हा अशी माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर मिळाले.

खबर वर का चढत नाही? एक कारण तेव्हाच्या कायद्यात होते. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुराला ओळखत होता. भिवंडीतला कामगार मेव्हण्याच्या नाहीतर गाववाल्याच्या ओळखीने येतो, म्हणून तो कोणाच्याच नोंदवहीत बसत नव्हता. दुसरे कारण कार्यालयाच्या सवयीत आहे. वरून प्रपत्र येते, ‘आज सायंकाळपर्यंत’. त्यात रकाने ठरलेले: किती अर्ज, किती पाकिटे, किती निवारे. अडचणींच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिणे सर्वांत सोयीचे, कारण अडचण लिहिली की पुढच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ बैठकीत, ‘मग तुम्ही काय केले?’ हा प्रश्न येतो आणि त्यामागून कारणे दाखवा नोटीसही येऊ शकते. ज्याने ऐकायचे, गोपनीय अहवालही त्यानेच लिहायचा. अशा व्यवस्थेत संख्या वर जाते, अनुभव खालीच राहतो.

आपल्या प्रशासनाला हे कधीच जमले नाही, असे नाही. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर 1883 मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा झाला आणि प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या. धान्याचे भाव चढणे, माणसे कामाच्या शोधात नेहमीपेक्षा जास्त भटकू लागणे या गोष्टी त्यात धोक्याच्या खुणा म्हणून धरल्या होत्या. गावपातळीवरून अशी खबर आली की पुढची पायरी ठरलेली: चाचणीची कामे काढायची, कमी मजुरीवरही लोक आले तर संकट खरे समजायचे. राज्य परक्यांचे, हात आखडता, मजुरी अपुरी. 1899-1900 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात माणसे मेलीच. तरीही स्थलांतर हे उपद्रव नसून बातमी आहे, ही समज त्या संहितेत होती. 1972-73 च्या दुष्काळात महाराष्ट्राने हीच वाट रुंद केली. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे कामांवर होती, आणि त्या अनुभवातून आलेल्या रोजगार हमीच्या कायद्याने मजुराच्या मागणीलाच हक्क बनवले.

अनुभवाचे धोरण होऊ शकते याचा भिवंडीजवळचाच दाखला वीटभट्ट्यांचा. दिवाळीच्या आसपास जव्हार, मोखाडा, वाडा, शहापूरकडची कातकरी कुटुंबे ‘बाना’ म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले गावच्या शाळेच्या पटावर असतात आणि भट्टीवर चिखल तुडवतात. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा काढल्या. भोंगा म्हणजे त्या मजुरांची झोपडी. तिथे शिकवणाऱ्यांना कळले ते कोणत्याही पटावर दिसत नव्हते: मूल कोणत्या महिन्यात जाते, धाकट्या भावंडाला कोण सांभाळते, परतल्यावर शाळा त्याला कोणत्या वर्गात बसवते. भट्टीवर आणि साखर कारखान्याच्या फडावर काम केलेल्या अशा अनेकांनी हेच पुन्हा पुन्हा सांगितले. पुढे राज्यात मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आली, शिक्षण हमी कार्ड आले. अंमलबजावणीत खोट असेल, पण योजनेचा आकार मुलांच्या वर्षाशी जुळतो, कारण सांगणारे त्यांच्याबरोबर राहिलेले होते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे ऐकायचे म्हणजे नक्की कोणाचे? त्यांचेही हितसंबंध असतात. मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी बांधकाम व्यावसायिकांचे ऐकले आणि मजुरांच्या गाड्या रद्द केल्या. देशभर टीका झाली, मग निर्णय फिरवला. तिथेही जाणकारांशी चर्चा झालीच होती, फक्त ती एकाच बाजूच्या जाणकारांशी. भिवंडीत उद्या अशी बैठक झाली तर माग मालकांची आणि गोदामवाल्यांची संघटना सर्वांत आधी पोचेल, त्यांच्याकडे गाडी आहे आणि वेळही. म्हणून खुर्च्या आधी राखून ठेवाव्या लागतात: मुकादमाला, भिशीवाल्याला, एसटीच्या चालकाला, आशाताईला, आणि भोजपुरी, तेलुगू किंवा कातकरी बोलणाऱ्या मजुराला त्याच्याच भाषेत.

त्याहून अवघड आहे भीती घालवणे. विमान वाहतुकीने यावर एक तोड काढली. 1976 पासून अमेरिकेत वैमानिक स्वतःच्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात कळवतात ते नियम लावणाऱ्या खात्याला नव्हे, नासाला. नाव उघड होत नाही. हेतुपुरस्सर नसलेली चूक वेळेत कळवली तर शिक्षेत सूट मिळते. ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळा केला, इतकेच. तलाठ्याचा आणि हवालदाराचा अनुभवही असाच, जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या समाजशास्त्र विभागाने किंवा विद्यापीठाने नाव न नोंदवता घ्यावा. विचारायचे काय? ‘किती’ हा प्रश्न सोडून द्यावा, तो प्रपत्रात आहेच. विचारावे: कोणता आदेश पाळता आला नाही? त्याऐवजी काय केले? लोंढा येणार हे कशावरून आणि केव्हा कळले? आणि पुढच्या वेळी पहिला फोन कोणाला करणार, व तो उचलला जाईल का? मग प्रशासनाने लेखी उत्तर द्यावे: यातले काय स्वीकारले, काय नाही, का नाही. उत्तर आले नाही तर दुसऱ्या वर्षी कोणी तोंड उघडणार नाही.

वेळही ठरवता येते. भिवंडीचे लोंढे पंचांगाप्रमाणे चालतात: होळी, लग्नसराई, ईद, छठ, निवडणूक आणि दिवाळीनंतरची वीटभट्टी. महासाथीसारखे संकट तारीख सांगून येत नाही, पण ते याच वेळापत्रकावर येऊन आदळते. म्हणून अशी बैठक संकटानंतर एकदा घेऊन भागत नाही. ती दरवर्षी, हंगामाआधी आणि हंगामानंतर व्हायला हवी. महिला व बालविकास विभागाची ‘महा-एमटीएस’ प्रणाली मोसमी स्थलांतरितांचा माग ठेवते. ई-श्रम पोर्टल 2021 पासून असंघटित कामगारांची नोंद करते. दोन्ही हवेतच. पण नोंदीवरून माणूस कुठे आहे एवढेच कळेल. त्याच्यासाठी काढलेला आदेश त्याच्या खोलीत कसा पोचला, हे नोंद सांगणार नाही.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 31 नुसार प्रत्येक जिल्ह्याची योजना स्थानिक प्राधिकरणांशी सल्लामसलत करूनच तयार व्हायची आहे आणि दरवर्षी तिचा आढावा घेऊन ती अद्ययावत करायची आहे. तो आढावा ठाण्याच्या दालनात होतो की टेमघर-रांजनोलीच्या माणसांच्या साक्षी जोडून होतो, हे जिल्ह्याच्या पातळीवरच ठरवता येते. खर्चही किरकोळ आहे. खरी अडचण वरिष्ठांच्या बाजूची आहे, कारण अशा साक्षींमध्ये त्यांचाच एखादा आदेश उणा ठरणार. तो कागदावर येऊ देण्याची आणि त्यावर सही करण्याची तयारी असलेला पहिला जिल्हाधिकारी पुढच्या लोंढ्यासाठी जे करील, ते कोणत्याही नव्या पोर्टलपेक्षा जास्त भरेल.