घरातील मदरसा आणि थकलेली माता

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना मानवजातीचे शिक्षक म्हणून पाठवले गेले.

बंधू-भगिनींनो, मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याचा मार्ग आज काही मुस्लिम कुटुंबे जाणीवपूर्वक स्वीकारीत आहेत. कुरआनपठण, दीनी तालीम, मराठी, गणित, विज्ञान हे सारे एकाच छपराखाली व्हावे आणि पुढे मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा द्यावी, असा त्यांचा विचार असतो. हेतू उत्तम आहे. परंतु वर्ष-दोन वर्षे लोटली की त्या घरातील माता दबक्या आवाजात सांगतात, ‘‘मौलाना, मी दमले आहे, आणि दमले म्हणायचीही लाज वाटते.’’

फजरपासून तिचा दिवस सुरू होतो. स्वयंपाक, धुणीभांडी, सासूबाईंची औषधे, धाकट्याचे रडणे, आणि या सर्वांच्या मधल्या फटींत मुलांचे धडे. मग एके दिवशी मुलाचा उच्चार चुकतो आणि तिचा हात उगारला जातो. नूरानी कायदा समोर येताच मूल अंग चोरू लागते. ज्या मायेपोटी घराचा मदरसा झाला, ती मायाच घरातून आटू लागते. हे नुकसान लहान नाही. अभ्यासातील उणीव पुढे भरून निघेल. पण अल्लाहच्या ग्रंथाशी भीतीचे नाते जडले, तर ते सुटायला अर्धे आयुष्य लागते.

अशा मातेला आपण सहज म्हणतो, ‘सबर कर.’ सबर ही फार मोठी नेकी आहे. परंतु जे ओझे आपण उचलू शकतो, ते तिच्याच डोक्यावर ठेवून तिला सबर शिकवणे, ही जबाबदारीची टाळाटाळ होय.

सूरह अल-बकराच्या 233व्या आयतीकडे लक्ष द्या. विषय बाळाला दूध पाजण्याचा आहे. तेथे अल्लाहने मातेसाठी पूर्ण दोन वर्षांचा काळ सांगितला, तिच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर टाकला, आणि कोणावरही कुवतीपलीकडे बोजा नाही हे स्पष्ट केले. अपत्यापायी मातेला त्रास दिला जाऊ नये आणि पित्यालाही नाही, असे बजावले. दूध तोडायचे तर ते उभयतांच्या संमतीने आणि सल्लामसलतीने; आणि दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजून घ्यावेसे वाटले, तर योग्य मोबदला देऊन तसे करण्यात दोष नाही. हा आदेश स्तनपानाविषयी आहे, हे खरे. पण विचार करा : दुधासारखी आईचीच समजली जाणारी गोष्टही दुसरीकडे सोपवता येते, तर मग अपूर्णांकांची उदाहरणे मावशीने, मामाने किंवा शिकवणीच्या शिक्षकाने घेतली म्हणून आईचे मातृत्व कोठे उणे होते?

दुसरा दाखला सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममधील आहे. प्रेषित (स.) मशिदीत आले, तेव्हा दोन खांबांच्या मध्ये एक दोरी बांधलेली दिसली. चौकशी करता कळले की ती हजरत जैनब (रजि.) यांची आहे, नमाजमध्ये थकवा आला की त्या तिचा आधार घेतात. आपण (स.) ती दोरी सोडायला सांगितली. उत्साह असेपर्यंत नमाज पढावी आणि थकल्यावर बसावे, अशी शिकवण दिली. जेथे नफल नमाजसाठीही देह असा ताणणे पसंत केले गेले नाही, तेथे पाढ्यांसाठी आणि शुद्धलेखनासाठी तो कसा पसंत पडेल? आपल्या घरांतही अशा दोऱ्या बांधलेल्या आहेत. कोणी अपराधभावाची बांधली आहे, कोणी शेजारच्या मुलाशी तुलनेची.

तिसरी गोष्ट शिकवण्याच्या पद्धतीची. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) दर गुरुवारी उपदेश करीत. रोज करावा, अशी एकाने इच्छा व्यक्त केली, तेव्हा ते म्हणाले की तुम्हांला कंटाळा यावा हे मला नको आहे, प्रेषित (स.) देखील आम्ही कंटाळू नये म्हणून दिवस पाहून उपदेश करीत. खुद्द कुरआनसुद्धा सुमारे 23 वर्षांत, थोडे थोडे करून अवतरले.

आपल्या मदरशांकडे पाहा. तेथे जुम्याची सुट्टी असते, रमजानची दीर्घ सुट्टी असते. मोठा विद्यार्थी लहानाचा सबक ऐकतो, उस्ताद सर्वच विषय एकटा शिकवीत नाही. मग घरातील मदरशालाच जुमा का नसावा? आठवड्यातला एक दिवस पुस्तके मिटलेली असू द्या. थोरल्या मुलीने धाकट्या भावाचा सबक ऐकावा. त्यात दोघांचेही पाठांतर पक्के होते. रोज थोडेच, पण नियमाने शिकवा. अल्प असले तरी सातत्याचे कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, अशी हदीस आहे. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपली मायबोलीही सांगते.

आता दोन शब्द बंधूंसाठी. प्रेषित (स.) घरी काय करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले. त्यांनी सांगितले की आपण (स.) घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ होताच निघत. ‘घरी शिकवायचे तूच ठरवलेस ना?’ असे पत्नीला विचारण्याआधी ही हदीस आठवावी. मगरिब ते इशा हा वेळ पित्याने मुलांना द्यावा, मोबाइल बाजूला ठेवून. त्या वेळात मातेने विश्रांती घ्यावी, आणि तिला कोणी हाक मारू नये.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. मुलांची तालीम आणि तरबियत ही आपल्यावरील अमानत आहे. घरीच शिकवणे हे त्या अमानतीचे केवळ एक साधन आहे. उपाय करूनही मातेची प्रकृती आणि घराची शांती ढासळत असेल, तर पती-पत्नीने सल्लामसलत करून मुलांना चांगल्या शाळेत घालावे आणि दीनी तालीम मकतबमध्ये व घरी चालू ठेवावी. यात पराभव नाही, गुनाह तर मुळीच नाही. साधन बदलले तरी अमानत सांभाळली जातेच.

हे अल्लाह, आमच्या मातांच्या थकल्या हातांना आराम दे, आमच्या बंधूंना त्यांचे ओझे वाटून घेण्याची सद्बुद्धी दे, आणि आमच्या मुलांच्या हृदयांत तुझ्या ग्रंथाची गोडी निर्माण कर. आमीन.