पादस्पर्श आणि शब्द

नेपाळ आणि सिक्कीम यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या, 8,586 मीटर उंचीच्या कांचनगंगेवर 25 मे 1955 रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक प्रथम पोहोचले, असे गिर्यारोहणाचा इतिहास नोंदवतो; मात्र शिखराचा अगदी माथा त्यांनी जाणूनबुजून सोडला, हेही त्याच नोंदीत आढळते. चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालील ही मोहीम नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीवरून वर गेली होती. तरीही हा पर्वत सिक्कीमच्या लोकांना देवता म्हणून पूज्य असल्यामुळे, माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द मोहिमेने तेथील राजाला, म्हणजे चोग्याल ताशी नामग्याल यांना, दिला होता. सगळा पर्वत तुडवून अखेरची काही फूट सोडल्याने पावित्र्य राखले जाते काय, हा प्रश्न वरकरणी बालिश वाटला तरी त्याच्या पोटात धर्मविचारातले काही जुने पेच दडलेले आहेत.

पहिला पेच देवत्वाच्या ठिकाणाचा आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘कांचनगंगा’ या नावात सोनेही आहे आणि नदीही. मूळ तिबेटी नावात यांपैकी नदी तर नाहीच, तेथे आहेत ते ‘महाहिमाचे पाच ठेवे’, आणि हे ठेवे कोणते ते परंपरेगणिक बदलते. सिक्कीमच्या बौद्ध परंपरेत या पर्वतावर राज्याची रक्षक देवता वास करते, तर तेथील लेपचा लोकांच्या कथेत आदिम स्त्रीपुरुषांची जोडी या शिखराच्या हिमातूनच घडवली गेली. एका दृष्टीने पर्वत हे देवाचे घर ठरते, दुसऱ्या दृष्टीने तो साक्षात पूर्वज ठरतो. वेरूळच्या सोळाव्या लेण्यात रावण कैलास हलवू पाहतो आणि शिव पायाच्या अंगठ्याने तो दाबून धरतो, तेथे पर्वत निवासच आहे, आणि घर म्हटले की ओसरी कोणाला, माजघर कोणाला आणि देवघर कोणाला हा क्रम आपोआपच येतो. त्या न्यायाने हिमनदीपर्यंत येणारा सभामंडपात आला आणि माथा सोडणारा गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर थांबला, असे म्हणता येईल. पर्वत हा देहच मानला तर मात्र हा युक्तिवाद अपुरा पडेल असे वाटते, कारण देहाला ओसरी नसते. तरीही देहाच्या अवयवांनाही मान-मर्यादेचा क्रम असतोच: पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाच्या वेळी भक्ताचे मस्तक देवाच्या पायांवर टेकते, आणि हा क्रम उलटा होण्याची कल्पनाही कोणाला सहन होणार नाही.

दुसरा पेच अधिक अवघड आहे. सकाळी अंथरुणातून उठून जमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वी पृथ्वीची क्षमा मागण्याची, पादस्पर्श पोटात घाल असे तिला विनवण्याची रीत घराघरांत आहे. परंतु ही क्षमा अटळ स्पर्शाची आहे, चालल्यावाचून माणसाला गत्यंतर नाही म्हणून मागितलेली. शिखरावरचे पाऊल पूर्णपणे टाळता येण्याजोगे असते, तेथे माणसाचे कोणतेही काम अडलेले नसते, आणि म्हणून नित्याच्या क्षमेत ते बसत नाही. कर्माचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचा बारकाईने विचार करणाऱ्या मीमांसकांनी अधिकारी माणसाची जी लक्षणे सांगितली, त्यांत तो अर्थी म्हणजे फलाची इच्छा असलेला, समर्थ म्हणजे शक्ती असलेला आणि अपर्युदस्त म्हणजे शास्त्राने न वगळलेला असावा, असे म्हटले आहे. गिर्यारोहक अर्थी असतो, समर्थही असतो. गिर्यारोहणाच्या चर्चा बहुधा या दोन लक्षणांपाशीच संपतात आणि तिसऱ्याची आठवण कोणाला होत नाही, ही या छंदाच्या वाङ्मयातली मोठी उणीव होय.

याच मीमांसेत आणखी एक सूक्ष्म विचार आहे: निषेध सार्थ ठरतो तो प्राप्ती शक्य असेल तेथेच, जे हाती येणेच शक्य नाही, त्याचा निषेध करण्यात अर्थ नसतो. त्यामुळे गंगटोकमधून माथ्याकडे पाहून हात जोडणाऱ्याने त्याला स्पर्श केला नाही, याला व्रत म्हणता येत नाही. 1957 मध्ये विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे माच्छापुच्छ्रे शिखराच्या माथ्यापासून सुमारे 45 मीटर खाली थांबले, तेथे त्यांची वाट पुढच्या कठीण बर्फाने अडवली होती. ते शिखरही पवित्र मानले जाते, परंतु अडवले जाणे वेगळे आणि थांबणे वेगळे. ब्राउन आणि बँड यांच्यासमोर असा अडथळा उरलेला नव्हता. वाट चुकल्याने त्यांचा बराच वेळ वाया गेला होता, शेवटी उभा कातळ आडवा आला, आणि त्यातल्या भेगेत हात रोवून, नळकांड्यातल्या प्राणवायूचा प्रवाह वाढवून ब्राउन वर चढला. वर आल्यावर दिसले ते एवढेच की, सुमारे वीस फुटांवर बर्फाचा एक साधा, सौम्य उतार आहे आणि तो त्यांच्यापेक्षा पाचेक फूट उंच आहे. शास्त्राला अपेक्षित असलेली प्राप्ती ती हीच. निषेधाला वजन आले ते त्या क्षणी, त्याआधीच्या संपूर्ण चढाईत नव्हे.

येथे एक आक्षेप सहज संभवतो: हे गिर्यारोहक त्या देवतेचे उपासक नव्हते, आणि श्रद्धेवाचूनच्या संयमाला धार्मिक मोल कसे असेल? आक्षेप रास्त आहे, परंतु तो ही देवता कोणत्या कार्याची आहे हे लक्षात घेत नाही. सिक्कीममध्ये दरवर्षी होणाऱ्या ‘पांग ल्हाबसोल’ या उत्सवाच्या नावातच साक्ष हा अर्थ आहे. काबी लुंगचोक येथे लेपचा प्रमुख थेकोंग तेक आणि भुतिया प्रमुख ख्ये बुम्सा यांनी बंधुत्वाची शपथ घेतली, तेव्हा कांचनगंगेला साक्षी ठेवले होते, अशी परंपरा आहे. वेदान्तात साक्षी म्हणजे स्वतः काही न करता केवळ पाहणारे चैतन्य. येथला साक्षी तितका अलिप्त नाही, तो दोन माणसांमधल्या शब्दाचा जामीन आहे. ज्या देवतेचे कामच दिलेल्या शब्दाकडे लक्ष ठेवण्याचे, तिच्या माथ्याशी परक्यांनी दिलेला शब्द पाळला असेल, तर त्यांनी तिची पूजा केली नाही असे म्हणणे कठीण आहे. धूप-दीपांपेक्षा ती अधिक नेमकी पूजा ठरते.

पुढे 1977 मध्ये कर्नल नरेंद्रकुमार यांच्या नेतृत्वाखाली सिक्कीमच्या बाजूने चढलेल्या भारतीय सैन्याच्या तुकडीनेही माथा सोडला. सिक्कीमने नंतर आपल्या बाजूने चढाईच बंद केली, त्यामुळे मे 2019 मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे दहा गिर्यारोहक गेले तेही नेपाळच्याच वाटेने. मधल्या काळात येणाऱ्या प्रत्येकाने हा संकेत पाळला असे मात्र नाही, आणि पाळला की नाही हे तपासणार तरी कोण, कारण तेथे पहारा नाही आणि पावलांचे ठसे वारा बुजवून टाकतो.

पहिल्या चढाईनंतर दुसऱ्याच दिवशी, 26 मे 1955 रोजी, त्याच मोहिमेतले नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर वर पोहोचले. शिखर गाठल्याचा मान आदल्या दिवशीच दुसऱ्यांना मिळून चुकला होता, कातळाला वळसा घालणारी बर्फावरची सोपी वाटही त्यांना सापडली होती. तेही माथ्याच्या अलीकडेच थांबले.