बिनपडद्यांचा खर्ज

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये इलेक्ट्रिक बेस आणला तेव्हा त्याच्या मानेवर धातूचे पडदे बसवले आणि वाद्याचं नाव ठेवलं 'प्रिसिजन'. तोवर खर्जाचा भार माणसाहून उंच डबल बेस वाहत होता, आणि त्याच्या गुळगुळीत पट्टीवर सूर सापडायला वर्षं जात. पडदे आल्यावर बोट पडद्याच्या अलीकडे कुठंही टेकलं तरी चालू लागलं. तरीही १९६६ साली अँपेग कंपनीनं पडदे नसलेला इलेक्ट्रिक बेस काढला, आणि १९७० मध्ये खुद्द फेंडर कंपनीनं प्रिसिजनचे पडदे उतरवले. हाती आलेली सोय माणसं अशी का सोडून देतात?

पहिलं कारण आवाजाचं. पडद्याच्या बेसवर तार धातूच्या कडेवर अडते. फ्रेटलेसवर, म्हणजे बिनपडद्यांच्या बेसवर, ती बोटाच्या मऊ टोकाखाली लाकडावर थांबते, कंपता कंपता पट्टीला ओझरती लागत राहते आणि छेडलेला सूर विरण्याआधी उमलतो. वादक या आवाजाला 'म्वा' म्हणतात. म्हणून असा बेस निवडताना रंगरूपाआधी तारा आणि पट्टीचं लाकूड बघावं. गोल वेढ्यांच्या राउंडवाउंड तारा झळझळीत वाजतात, पण त्यांचे वेढे रोझवुडची पट्टी कानशीसारखी खातात. सपाट वेढ्यांच्या फ्लॅटवाउंड तारा लाकूड जपतात, मात्र आवाजाची धार कमी करतात. आबनुसाची पट्टी जास्त तग धरते. बेसवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसवर पडद्यांच्या रिकाम्या खाचा भरून वर बोटींना लावायचं इपॉक्सी चढवलेलं होतं. त्या कठीण थरावर राउंडवाउंड तारा बिनधास्त वाजवता येत. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममधलं 'कंटिन्युअम' ऐकावं, किंवा त्याच वर्षीच्या गायिका जोनी मिचेलच्या 'हेजिरा'मधली त्याची साथ. एरवी मागे राहणारा बेस तिथं गाऊ लागतो.

निवडीतला खरा पेच रेघांचा. पडद्यांच्या जागी आखलेल्या रेघा हव्यात की कोरी पट्टी? रेघांची बाजू आकडेच मांडतात. चौतीस इंची तारेवर पहिला अर्धस्वर सुमारे ४८ मिलिमीटर जागा घेतो, सप्तक ओलांडल्यावर त्यालाच २४ मिलिमीटर उरतात. तिथं काही मिलिमीटरची चूकही कानाला कळते, आणि बोटाचं टोक तर त्याहून कितीतरी रुंद. शिवाय पडद्यांची सवय असलेला हात रेघेच्या अलीकडे टेकतो आणि सूर उतरतो. इथं बोट नेमकं रेघेवरच पडावं लागतं. त्यात वादक पट्टीकडे वरून, तिरकस बघतो, त्यामुळे रेघ असते तिथं दिसेलच असं नाही.

पण बोट रेघेवर नेमकं पडलं तरी सूर खरा लागेलच का? ते पाहायला डोळे मिटून तंबोरा लावावा, बेसची एखादी मोकळी तार त्याच्या षड्जात मिळवावी आणि त्याच तारेवर सावकाश शुद्ध गंधार शोधावा. तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराशी तो जुळला की डोळे उघडून पाहावं. बोट चौथ्या रेघेवर नसतं, खुंट्यांच्या बाजूला सुमारे साडेपाच मिलिमीटर सरकलेलं असतं. रेघ सप्तकाच्या बारा समान वाटण्यांतून आली आहे, तंबोऱ्याचा गंधार तारेच्या स्वभावातून. सांगलीचे कृ. ब. देवल आणि क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुती-हार्मोनियमच्या मागे लागले, ते पेटीच्या ठरीव पट्ट्यांवर अशीच फट जाणवत होती म्हणून.

मग रेघ खोटी म्हणायची का? पियानोवाल्यासोबत बसलं की उत्तर बदलतं. त्याचा गंधार रेघेवरचाच असतो, आणि तंबोऱ्याशी तंतोतंत जुळलेला आपला गंधार तिथं उतरलेला वाटतो. खर्जाची अडचण तर आणखी मोठी. वरचे सगळे सूर त्याच्या आधारानं जोखले जातात, त्यामुळे बेस घसरला की ऐकणाऱ्याला अनेकदा गायिकाच बेसूर वाटते. अशा वेळी बोट हलवून कंपात चूक दडवायचा मोह होतो. म्हणून सुरुवातीचा रियाज कंपाशिवाय, लांब, सरळ सुरांचा असावा.

फ्रेटलेसला स्वातंत्र्याचं वाद्य म्हणायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. मींड, 'म्वा', गळ्याजवळचा आवाज हे सगळं मिळतं, पण सूर कुठं लावायचा हा निर्णय जो कारखान्यात एकदाच होऊन गेलेला असायचा, तो आता प्रत्येक सुराला, सोबत कोण वाजवतंय ते ऐकून, नव्यानं घ्यावा लागतो. ज्याला आपल्या आवाजाइतकंच दुसऱ्याचं ऐकण्यात रस आहे, त्यानं हा बेस खुशाल घ्यावा, रेघांचा किंवा कोरा. ज्याला फक्त वाजवायचं आहे, त्याच्यासाठी पडद्यांचा बेस उत्तम वाद्य आहे.