हात पुढे केलेली मुलगी

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नाइस्मिथ या व्यायामशिक्षकानं व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. वर्गात १८ विद्यार्थी, नऊ-नऊंचे दोन संघ. बास्केटबॉल जन्मला तो असा, शाळेच्या तासात. त्यानं १३ नियम लिहिले. मला त्यातला एक फार मोलाचा वाटतो: चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथं झेलला तिथूनच फेकायचा. म्हणजे सोबत्याकडे बघावंच लागायचं.

आज ती सक्ती नाही; मैदानावर एखादा उंच मुलगा चेंडू थापटत एकटाच निघतो. कोपऱ्यात एक मुलगी दोन्ही हात पुढे करून केव्हाची उभी असते. सर, बाई, तेव्हा शिट्टी वाजवा. तिच्याकडे बोट दाखवा. तिचा नेम चुकेल, चुकू द्या. पुढचा पासही तिलाच मिळू द्या.