सही केली असती तर?

‘असं झालं असतं तर’ हा खेळ आपण पानिपतावर फार खेळतो. साताऱ्यावर कुणी खेळत नाही. वास्तविक तिथला डाव जास्त विचार करायला लावणारा आहे.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना राज्य दिलं. नीरेपासून वारणेपर्यंत, सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख. पेशवाईत नजरकैदेसारखे दिवस काढलेला हा राजा कारभारात रमला. त्याने रस्ते केले, शहरात पाणी आणलं, विद्येला आश्रय दिला. तहात एक कलम मात्र असं होतं की बाहेरच्या कुणाशी राजाने परभारे पत्रव्यवहार करायचा नाही. पुढे याच कलमाने गळा धरला. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधलं, कंपनीच्या शिपायांना फितवलं, असे आरोप झाले. माझ्या मते खरं दुखणं जहागिरींचं होतं. राजा तहावर बोट ठेवून जहागीरदारांवरचा आपला हक्क मागत होता, आणि तह वाचता येणारा मांडलिक कोणत्याच साम्राज्याला परवडत नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कार्नॅक जातीने साताऱ्यात आला. आरोप मान्य करून नव्या अटींवर सही करा, गादी शाबूत राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. राजाने सही केली नाही. पदच्युत होऊन तो काशीला गेला आणि १८४७ मध्ये तिथेच वारला.

सही केली असती तर? कल्पना लढवायची गरजच नाही. धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब इंग्रजांच्या अटींवर गादीवर बसले आणि मर्जी सांभाळून राहिले. एप्रिल १८४८ मध्ये ते गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. रेसिडेंट फ्रिअर आणि गव्हर्नर क्लार्क, दोघांनीही राज्य राखावं असाच सल्ला दिला. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. म्हणजे ताठ राहिलेला भाऊ आठ वर्षं वनवासात आणि वाकलेल्या भावाचं राज्य नऊ वर्षांत बुडालं. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये वर्षानुवर्षं अर्ज, छापील पुस्तिका आणि सभा करत राहिले. ते १८५३ मध्ये हात हलवत परतले. १८५७ च्या उठावात त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली आणि ते स्वतः असे नाहीसे झाले की पुन्हा कुणाच्या हाती लागले नाहीत.

दुसरी शक्यता, म्हणजे दत्तक मंजूर होऊन राज्य टिकण्याची, तीही इतिहासाने कोल्हापुरात घडवून दाखवली. १८५७ ने हादरलेल्या सरकारने दत्तकाचा हक्क मान्य केला, म्हणून १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. तेच शाहू महाराज. १९०२ मध्ये त्यांनी मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. सातारा टिकता तर तिथेही असं काही घडलं असतं, असं म्हणायचा मोह होतो. पण प्रतापसिंहांचा जुना राजवाडा राज्य गेल्यावर शाळेकडे आला, आणि १९०० मध्ये त्याच शाळेत भीमराव आंबेडकर इंग्रजी शिकायला दाखल झाले. राज्य टिकलं असतं तर हा वाडा राजघराण्याकडेच राहिला असता. शाळा दुसरीकडे भरली असती, आणि तिचं दार कुणासाठी उघडायचं हे त्या वेळी गादीवर कोण आहे यावर ठरलं असतं.