केसाकेसाचा हिशेब

अनेक चित्रपटांच्या अखेरीस, सगळी नावे सरकून गेल्यावर, पडद्यावर एक वाक्य येते : या चित्रपटाच्या निर्मितीत कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. ते वाचून बरे वाटते. मुक्या जिवाची कोणीतरी चौकशी केली, याचे समाधान वाटते. परंतु अलीकडे त्या वाक्यापाशी मन अडते. पडद्यावर तर वाघ दिसला. त्याने झेप घेतली, तो भिजला, उपाशी राहून खंगला. हे सारे वाघाने केले नसेल, तर कोणी केले? आणि ज्याने केले त्याला काय सोसावे लागले, हे विचारणारे वाक्य त्या पडद्यावर का नाही?

पूर्वी हे काम जनावरेच करीत. १९७१ च्या ‘हाथी मेरे साथी’मधले हत्ती खरे होते. सर्कशीतला सिंह खरा होता आणि गल्लीत येणाऱ्या दरवेशाचे अस्वलही खरेच होते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना तो दरवेशी आठवत असेल. अस्वलाच्या नाकातून ओवलेली दोरी त्याच्या एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात असे. आया त्याच्याकडून अस्वलाचा केस मागून घेत आणि तो ताईतात घालून तान्ह्या पोराच्या गळ्यात बांधीत. केस अंगावर असला की पोर भिणार नाही, अशी समजूत. ते अस्वल स्वतः काठीला भिऊन नाचत होते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नसे.

कायद्याच्या ध्यानात ते उशिरा आले. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर व त्यांचे खेळ करण्यावर बंदी आली. सर्कसवाले न्यायालयात गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. चित्रपटात जनावर वापरायचे तर परवानगी घेणे आवश्यक झाले. याच सुमारास संगणकाने तयार केलेली जनावरे पडद्यावर स्थिरावत होती. ‘जुमांजी’त १९९५ साली संगणकावरचा सिंह आणि माकडे आली. २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या सलीच्या अंगावर तेवीस लाखांहून अधिक केस होते. चाबूक नको, पिंजरा नको, नाकातली दोरी नको. दयेच्या बाजूने पाहिले तर ही मोठीच मिळकत आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे.

पण संगणकावरचा केस आपोआप उगवत नाही. तो लावावा लागतो. कारागीर आधी वाघाच्या अंगावर काही मोजके मार्गदर्शक केस हाताने बसवतो. त्यांच्यावरून मधले लाखो केस संगणक भरतो. मग त्यांची लांबी, दिशा, वळण आणि जाडी ठरते. पोटावरचे केस मऊ, मानेवरचे राठ. वरचे लांब केस वेगळे आणि त्यांच्याखालची दाट लव वेगळी. ओले झाले की केसांचे पुंजके होतात, ते पुंजकेही बसवावे लागतात. कातडीखाली स्नायू हलतो, त्यावर कातडी सरकते आणि केस तिच्यामागून जातात. प्रकाशाचे गणित तर त्याहून अवघड आहे. काही प्रकाश केसावरून परततो, काही आरपार जातो, काही आत शिरून पलीकडच्या बाजूला आपटून माघारी येतो. या तिन्ही वाटा मोजल्या नाहीत तर केस प्लॅस्टिकचा वाटतो. हे सारे जमायचे तर जिवंत वाघ डोळे भरून पाहावा लागतो. मी राहतो त्या रे रोडहून राणीची बाग पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे. तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादहून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आणली गेली. अशा वाघासमोर तासभर उभे राहिले की कळते, श्वासागणिक त्याच्या अंगावरचे पट्टे किंचित हलत असतात. पडद्यावरच्या वाघात तेवढे हलणे आणण्यासाठी कोणाचे तरी आठवडे खर्ची पडतात.

या कलेचा मोठा नमुना म्हणजे २०१२ साली आलेला अँग ली यांचा ‘लाइफ ऑफ पाय’. इरफान खान आणि तब्बू त्यात होते, म्हणून आपल्याकडे तो आवर्जून पाहिला गेला. त्यातला रिचर्ड पार्कर नावाचा वाघ बहुतेक प्रसंगांत संगणकावरचा आहे. त्याच्या अंगावर सुमारे एक कोटी केस होते. हे काम लॉस एंजेलिसच्या ‘रिदम अँड ह्यूज’ या कंपनीने केले आणि तिची कार्यालये मुंबई व हैदराबादेतही होती. २४ फेब्रुवारी २०१३ रोजी या वाघाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. त्याच्या आधी दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि अडीचशेच्या वर माणसांना घरी पाठवले होते. समारंभाच्या दिवशी बाहेर रस्त्यावर शेकडो कारागीर निदर्शने करीत होते.

असे का व्हावे? या धंद्यात काम ठरलेल्या रकमेच्या बोलीवर घेतले जाते. दिग्दर्शकाने वाघ दहा वेळा बदलून मागितला, तर त्या दहा वेळांचा खर्च बहुधा बोली लावणाऱ्याच्याच माथी येतो. बोली कमी लावली नाही तर काम दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात जाते. मालकाला तोटा झाला की तो खाली झिरपतो आणि शेवटी रात्र जागणाऱ्या पोरापाशी येऊन थांबतो. ही गोष्ट एकट्या कंपनीची नाही. २०१६ च्या ‘द जंगल बुक’मधले शेरखान आणि बघिरा ‘एमपीसी’ने घडवले आणि त्यांनाही ऑस्कर मिळाले. त्या ‘एमपीसी’ची मूळ कंपनी टेक्निकलर फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळली, तेव्हा बंगळूर आणि मुंबईतल्या हजारो माणसांचे काम एकाएकी थांबले.

रे रोडच्या माणसाला हे ओळखीचे वाटते. आमच्या स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे. साऱ्या जगाची म्हातारी जहाजे इथे तोडायला येत. नोव्हेंबर २०१४ मध्ये जुनी ‘विक्रांत’ युद्धनौका इथेच तोडायला घेतली. पुढे २०१६ साली तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल बाजारात आली आणि जाहिरातीत त्या पोलादाचे कौतुक झाले. गॅस कटरने ते पोलाद कापणारे हात कोणाचे होते, याची चौकशी ग्राहकाने केली नाही. जहाज जिथे मिरवले जाते तिथे तोडले जात नाही. वाघ जिथे मिरवला जातो तिथे त्याचे सगळे केस लावले जात नाहीत. जगाचे मागचे अंगण असणे हे मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला ठाऊक होते. आता मालाड-गोरेगावच्या काचेच्या इमारतींनाही ते ठाऊक झाले आहे.

कोणी म्हणेल, ही तुलना ओढूनताणून केली आहे. दारूखान्यातला मजूर आग आणि लोखंडाशी झुंजतो. केस लावणारा थंडगार खोलीत खुर्चीवर बसतो, शिकलेला आहे, हौसेने या कामात आला आहे. शिवाय माणसाला नोकरी सोडता येते, वाघाला येत नाही. हा आक्षेप खरा आहे. वाघाचे सोसणे आणि कारागिराचे जागरण एका मापाने मोजता येणार नाही. पण नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य तेव्हाच खरे, जेव्हा शेजारच्या दारात वेगळी रीत असते. सगळीकडे त्याच बोलीचा धंदा असेल, तर माणूस फक्त खुर्ची बदलतो. आणखीही एक गोष्ट आहे. जनावराला वाचा नाही म्हणून त्याच्या वतीने विचारणारी माणसे उभी राहिली. माणसाला वाचा आहे, त्याला दुखले तर तो बोलेल, असे आपण धरून चालतो. ज्याचे पोट महिन्याच्या पगारावर आहे तो किती बोलू शकतो, हे मात्र आपण विचारीत नाही.

आणि जनावराची चौकशी तरी पूर्ण होते का? ‘लाइफ ऑफ पाय’साठी नमुना म्हणून आणि काही प्रसंगांसाठी किंग नावाचा खरा वाघ वापरला होता. तो चित्रीकरणात पाण्यात बुडता बुडता वाचला, असे देखरेख करणाऱ्या व्यक्तीने ई-मेलमध्ये लिहिले होते. ते पत्र नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘हॉलिवूड रिपोर्टर’ने छापले, तोवर चित्रपटाला ऑस्कर मिळून गेले होते. म्हणजे पडद्यावरचे आश्वासन हा हिशेब नव्हे. हिशेब मागावा लागतो.

तो कसा मागावा, याचे उदाहरण दरवेशांच्याच गोष्टीत आहे. नाचणारी अस्वले सोडवताना ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने नुसते अस्वल ताब्यात घेतले नाही. अस्वल देणाऱ्या कलंदर कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी पैसे दिले आणि त्यांच्या मुलांच्या शाळेकडे लक्ष दिले. पिढ्यानपिढ्या त्या जनावरावर जगलेला माणूस उघड्यावर पडला असता, तर त्याने दुसरे पिल्लू पकडून आणले असते. २००९ पर्यंत रस्त्यावरची ही अस्वले जवळजवळ संपली, ती दोघांचाही विचार झाला म्हणून. दयेने ओझे एका पाठीवरून उतरवले, तर ते कुठे ठेवले हेही तिनेच पाहायचे असते.

वाघाला परत कॅमेऱ्यापुढे आणा, असे कोणीही म्हणणार नाही. मागणी साधी आहे. मजुराची मजुरी वेळेत चुकती करा, ही ताकीद आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. ती इथेही लागू करावी. वाढीव बदलांचे पैसे मागणाऱ्याने द्यावेत. कंपनी बुडाली तर सर्वांत आधी कामगारांचे थकलेले पगार द्यावेत. ज्याने केस लावला त्याचे नाव, तो मालाडचा असो की बंगळूरचा, लॉस एंजेलिसच्या नावाबरोबर यावे. या तीन गोष्टी करारातच लिहून घेता येतात, आणि त्या लिहिल्या आहेत का, हे निर्मात्याला विचारायला आपण प्रेक्षकांनी आता सुरुवात केली पाहिजे.