रसायनशास्त्राच्या वर्गातील शब्दप्रमाण

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवले जाणारे सामान्य रसायनशास्त्र वरवर पाहता माहितीचा विषय वाटतो. परंतु त्याच्या अध्यापनाचा प्रश्न मुळात ज्ञानमीमांसेचा, म्हणजे एखादी गोष्ट खरी आहे हे माणसाला कशाच्या आधारे कळते याचा आहे. सोलापुरात 1940 साली दयानंद महाविद्यालय आणि 1953 साली संगमेश्वर महाविद्यालय सुरू झाले, 2004 साली केवळ सोलापूर जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि या काळात विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या अणू, मोल, संयुजा या संकल्पना शिकून बाहेर पडल्या. त्यांतली एकही गोष्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. जे दिसत नाही ते खरे माना, असे सांगण्याचा अधिकार शिक्षकाला कोठून मिळतो, हा प्रश्न धर्मचिंतनात जितका जुना आहे तितकाच या वर्गातही जिवंत आहे.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानते. त्यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आणि आप्त कोण, तर ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे व जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायन पुढे असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, म्हणजे वचनाचा अधिकार कुळातून किंवा आसनातून येत नाही, जाणण्यातून येतो. हा विचार आजच्या अध्यापकालाही पुरतेपणी लागू होतो.

सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्वतःला पटण्यासाठी केलेले ते स्वार्थानुमान, आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी पाच अवयवांत मांडलेले ते परार्थानुमान. यातला क्रम महत्त्वाचा आहे. माणूस स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी पुन्हापुन्हा एकत्र पाहतो, या भूयोदर्शनातून त्याच्या मनात व्याप्ती, म्हणजे दोघांचा अव्यभिचारी संबंध, ठसते, आणि मगच डोंगरावरचा धूर पाहून तो तेथील अग्नीचे अनुमान करतो. रसायनशास्त्राच्या प्रचलित अध्यापनात हा क्रम उलटा झालेला आढळतो. स्वयंपाकघर न पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या हाती डोंगराविषयीचे परार्थानुमान पाठांतरासाठी दिले जाते, आणि महिनाभराने प्रयोगशाळेत त्याची केवळ पडताळणी होते. सुसान नुरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी 1987 साली अमेरिकेत दाखवून दिले की वायूंच्या नियमांची गणिते अचूक सोडवणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना, भांड्यातील रेणू कसे पसरलेले असतील याचे योग्य चित्र ओळखता येत नाही. त्यांच्यापाशी सूत्र होते, व्याप्ती नव्हती.

सोलापूरसारख्या सूत आणि चादरींच्या शहरात ही उणीव भरून काढण्याची सामग्री हाताशी आहे. सुती धाग्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हॅट वर्गातील रंगांपैकी नीळ घ्यावी. ती पाण्यात विरघळत नाही. परंतु कॉस्टिक सोडा आणि सोडिअम हायड्रोसल्फाइट घातलेल्या द्रावणात तिचे क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवण्याची क्रिया, होऊन ती विद्राव्य बनते आणि द्रावण पिवळसर हिरवे दिसते. त्यात बुडवलेली सुताची लडी बाहेर काढली की ती हिरवट असते, आणि पाहता पाहता निळी होते. पुस्तक न उघडता विद्यार्थ्याला कारण विचारले, तर सूत वाळल्यामुळे रंग बदलला असावा, हे उत्तर साहजिक आहे. येथेच नैयायिकांची उपाधीची संकल्पना उपयोगी पडते. उपाधी म्हणजे ज्याच्यावर संबंध खरोखर अवलंबून असतो तो दडलेला घटक. अग्नी असला की धूर असतोच असे नाही, त्याला ओले सरपण लागते. लडी पिळूनही ओलसर असतानाच निळी होते, म्हणून वाळणे हे कारण नव्हे. हवा शिरणार नाही अशा बंद नळीत ठेवलेली लडी हिरवटच राहते, म्हणून कारण हवेत आहे. ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावण्याची क्रिया, हा शब्द शिक्षकाने या टप्प्यावर उच्चारावा. तोपर्यंत विद्यार्थ्याच्या मनात त्या शब्दासाठी जागा तयार झालेली असते. सोलापुरात ज्यांच्या घरची भाषा मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू असते आणि ज्यांना हा विषय एकदम इंग्रजीतून शिकावा लागतो, त्यांच्यासाठी तर हा क्रम अधिकच आवश्यक आहे.

तथापि यावरून शब्दप्रमाण टाकून द्यावे असे मानणे म्हणजे केवळ प्रत्यक्षालाच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकाचा पक्ष घेणे होय, आणि तो पक्ष वर्गात टिकत नाही. डाल्टनने अणुवादाचा ग्रंथ 1808 साली प्रसिद्ध केला. तरी ओस्टवाल्डसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ अणूचे अस्तित्व मानण्यास विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर तयार झाला, आणि त्यामागे ब्राउनी गतीवरील, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अखंड वेड्यावाकड्या हालचालीवरील, संशोधन होते, ज्यात जाँ पेरँ याच्या मोजमापांचा वाटा मोठा होता. जे पटायला शतक लागले ते विद्यार्थ्याने एका सत्रात स्वतः शोधावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आप्तवचन हवेच, मात्र शिक्षकाने निष्कर्षाबरोबर त्यामागचे प्रत्यक्ष, त्यावरचे आक्षेप आणि ते आक्षेप कशाने मिटले हेही सांगावे, तरच ते आप्तवचन ठरते.

या प्रश्नाला एक नैतिक बाजूही आहे आणि ती अधिक गंभीर आहे. अनुमापनात, म्हणजे ब्युरेटमधील द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता ठरवण्याच्या प्रयोगात, लागोपाठची रीडिंग जुळली की त्यांना सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणतात. प्रत्यक्षात 10.2, 10.5 आणि 10.3 मिलिलिटर आलेले असताना जर्नलमध्ये तिन्ही ठिकाणी 10.2 लिहिण्याची सवय अनेक प्रयोगशाळांत रुळलेली आहे, आणि ती आळसापेक्षा भीतीतून, उत्तर चुकले तर गुण जातील या धास्तीतून, येते. जो विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खोडून ऐकलेले लिहितो, त्याचे प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन्ही प्रमाणे एकाच वेळी बिघडतात, आणि पुढे तो स्वतः कोणाचा आप्त होऊ शकत नाही. म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी प्रात्यक्षिक परीक्षेत अपेक्षित उत्तराशी जुळण्याला दिले जाणारे गुण कमी करून, जसे आले तसे नोंदवलेल्या रीडिंगला आणि ते तसे का आले याच्या कारणमीमांसेला गुण द्यावेत.